हिवाळ्यातील विसावा कोणाच्या वाट्याला?

हिवाळा हा निसर्गाच्या विश्रांतीचा ऋतू होय, या काळात सृष्टी अंतर्मुख होते, शक्ती साठविते आणि नव्या रूपाने प्रकट होण्याची तयारी करते, अशा आशयाचे लेखन दरवर्षी मार्गशीर्ष-पौषात वाचावयास मिळते. ज्या देशांत जमीन चार-चार महिने बर्फाखाली असते, अवजारे आत ठेवून द्यावी लागतात आणि गुरे गोठ्याबाहेर काढता येत नाहीत, तेथील माणसाला हिवाळ्याचा हा अर्थ सुचावा हे स्वाभाविक आहे. परंतु बारामती व इंदापूर तालुक्यांत राहणाऱ्याने हे वाक्य जसेच्या तसे स्वीकारावे काय? येथे दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत पहिली मोळी पडते, आणि तेथून पुढे होळीपर्यंत रस्त्यांना, पाणंदींना व माणसांना उसंत कशी ती मिळत नाही. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची मंडळी पहाटेच निघतात आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून पडतात. पाहुणा पक्षी आणि पाहुणा मजूर एकाच ऋतूत येथे उतरतात, हे खरे. ही उपमा मात्र फार ताणू नये, कारण पाखराला मुकादम नसतो.

तरीही हिवाळा, विश्रांती आणि रूपांतर यांचा काहीच संबंध नाही असे प्रस्तुत लेखकाला म्हणावयाचे नाही. तो संबंध आपल्या मुलखात आहे, आणि चांगला घट्ट आहे. फक्त विश्रांती कोणाला मिळते, तिची किंमत कोण मोजतो आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे प्रश्न विचारल्यावाचून तो नीट उमगत नाही. हे तिन्ही प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत.

प्रथम जिरायत भागाकडे पाहू. मोरगावहून कऱ्हेच्या काठाने बारामतीकडे येताना कऱ्हाटी लागते. कऱ्हा नदी नकाशात निळी दाखविलेली असली तरी वर्षातील बराच काळ तिच्या पात्रातून चालत पलीकडे जाता येते. हा पर्जन्यछायेचा टापू. वर्षाचा सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मृगापेक्षा हस्त-चित्रा नक्षत्रांवर अधिक विसंबलेला. या बेभरवशाच्या पावसाला तोंड देण्यासाठी येथील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जी रीत वापरली ती मोठी शहाणपणाची होती. त्याने काळ्या रानाला विश्रांती दिली ती पावसाळ्यात. खरिपात रान मोकळे ठेवावयाचे, पाऊस उघडला की कुळवाच्या पाळ्या द्यावयाच्या, तण मोडावयाचे आणि पडलेला थेंब न्‌ थेंब त्या काळ्या मातीच्या पोटात मुरवावयाचा. मग भाद्रपद-आश्विनात पाभर धरून शाळू पेरावयाचा. त्यानंतर पाऊस आला तर उत्तम, न आला तरी साठविलेल्या ओलीवर आणि थंडीच्या आधारावर ते पीक उभे राहते. माघात कणीस भरते. फाल्गुनात काढणी होते. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण १९३० च्या दशकापासून या भागात टिकून आहे तो याच गुणामुळे.

म्हणजे बर्फाच्या देशातील क्रम येथे नेमका उलटा आहे. तेथे जमीन हिवाळ्यात निजते व वसंतात उठते; आमची जमीन पावसाळ्यात तयारी करते आणि हिवाळ्यात कमाई करते. शहरातील मंडळींना शाळूचा हा काळ केवळ हुरड्याच्या निमित्ताने आठवतो. आगटीभोवती बसून चार कणसे चोळून खाण्याचे सुख कोणी नाकारणार नाही, पण त्या कणसात आषाढ-श्रावणातील रिकाम्या रानाचा वाटा आहे हे तेथे फारसे कोणाच्या ध्यानी येत नसावे. रिकामे रान पाहून बाहेरचा माणूस त्याला पडीक म्हणेल. शेतकऱ्याच्या हिशेबी ते ठेव असते.

हीच गोष्ट बागायतीतही आढळते. इंदापूर तालुक्यात डाळिंबाच्या बागा पुष्कळ आहेत. डाळिंबाला मृग, हस्त व आंबे असे तीन बहार धरता येतात. त्यांपैकी आंबे बहार धरणारा बागायतदार ऐन थंडीत, नोव्हेंबर-डिसेंबरात, बागेचे पाणी तोडतो. झाडाला ताण बसतो, पाने पिवळी पडून गळतात, आणि जानेवारीत पाणी सोडले की फुटव्याबरोबर कळी निघते. ताण पुरेसा बसला नाही तर पालाच माजतो, कळी सुटत नाही. दोन बहार एकाच वर्षात ओढण्याचा मोह ज्यांना झाला त्यांच्या बागा लवकर थकल्या, आणि थकलेल्या बागेत तेल्या व मर यांचा शिरकाव सोपा होतो, हे कृषी शास्त्रज्ञ वारंवार सांगत आले आहेत. गोठ्यातही तेच. गाभण गाय विण्यापूर्वी सुमारे दोन महिने आटवावी लागते. या भाकड काळात तिला वैरण व खुराक तर घालावयाचा, पण दूध एक थेंबही घ्यावयाचे नाही. दुधाच्या पगारावर ज्याचे घर चालते त्याला हे दोन महिने जड जातात. म्हणून तो कधी कधी विण्याच्या तोंडापर्यंत धार काढीत राहतो, आणि पुढच्या वेतात त्याची भरपाई गायीच्या प्रकृतीतून द्यावी लागते.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबावे. आपल्याकडे रिकामपणा आणि विश्रांती यांची गल्लत फार होते. रिकामपण म्हणजे उत्पादनशक्ती वाया जाणे. विश्रांती म्हणजे त्या शक्तीत गुंतवणूक करणे. कोणतीही गुंतवणूक आज खर्च मागते आणि परतावा उद्या देते. म्हणूनच विश्रांती देण्याची ऐपत सर्वांना सारखी नसते. ज्याच्यापाशी चार महिन्यांचे धान्य व शिल्लक आहे तो बागेला ताण देतो, गाय वेळेवर आटवितो, रानाची फेरपालट करतो. ज्याच्या उंबऱ्यावर हप्ता वसूल करणारा उभा आहे त्याला उद्याचा रुपया आजच्या आठ आण्यांपेक्षाही हलका वाटतो. अशा माणसाला अडाणी म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो आपल्या परिस्थितीत बरोबर हिशेब करीत असतो. फक्त तो हिशेब त्याच्या भांडवलाला खाऊन टाकणारा असतो.

आता उसाकडे वळू, कारण या दोन तालुक्यांच्या हिवाळ्याचा खरा धनी तोच आहे. उसाच्या बाबतीत ‘थंडीतील विश्रांतीतून रूपांतर’ हे शब्द अलंकाराचे नाहीत, वनस्पतिशास्त्राचे आहेत. उष्ण व दमट दिवसांत ऊस उंच वाढतो, कांड्या धरतो. त्याने तयार केलेली साखर वाढीतच खर्च होते. रात्री थंड व हवा कोरडी झाली की त्याची वाढ मंदावते, आणि जी साखर वाढीत गेली असती ती कांडीत साठू लागते. म्हणूनच ऑक्टोबरात कमी असलेला उतारा डिसेंबर ते फेब्रुवारीत चढत जातो आणि उन्हाचा तडाखा सुरू झाल्यावर घसरतो. निरेजवळच्या पाडेगाव संशोधन केंद्रात काम करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. तेव्हा कारखाना हिवाळ्यात चालतो तो कोणाच्या लहरीने नव्हे. ऊस विसावतो म्हणून साखर होते, आणि तोडलेल्या उसाची साखर दिवसागणिक उतरू लागते म्हणून तोडणीला क्षणाची उसंत नसते. उसाची विश्रांती हीच माणसाच्या धावपळीचे कारण बनते, असा हा विलक्षण योग आहे.

या उसाला येथवर आणण्याचे काम निरेच्या पाटाने केले. निरा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. त्यामागे १८७६-७८ च्या दुष्काळाची आठवण ताजी होती, आणि पाटाचा मूळ हेतू भुसार पिकांना वाचविण्याचा होता. पण शेतकरी पाण्याला पाण्याच्या मोलाने वापरतो. त्याने ऊस लावला. भरमसाट पाण्यामुळे रान उपळू लागले. तेव्हा पुण्यात पाटबंधाऱ्यांचे काम पाहणारे अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या तोंडाशी या कालव्यावर ‘ब्लॉक पद्धत’ आणली. जमिनीचे गट पाडावयाचे, प्रत्येक गटाच्या एक तृतीयांश भागातच ऊस घ्यावयाचा, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिके, आणि उसाचा तुकडा दरवर्षी फिरता ठेवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. खानदेशातील फड पद्धतीशी तिचे नाते उघड आहे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर जमिनीच्या विश्रांतीला त्यांनी शेतकऱ्याच्या ऐपतीवर न सोडता पाटाच्या नियमात बसविले. प्रस्तुत लेखकाच्या मते निरा खोऱ्याच्या इतिहासातील ही सर्वांत दूरदृष्टीची आर्थिक कल्पना होय, आणि तिच्याविषयी आमच्या महाविद्यालयांतून फारच कमी शिकविले जाते. पुढे ती सैल झाली. १९१६ च्या सुमारास पाणथळ व क्षारपड जमिनींच्या अभ्यासासाठी सरकारला पाटबंधारे खात्यात खास विभाग नेमावा लागला होता; आजही पाटाच्या कडेच्या गावांत पांढरी चोपण रानेच्या राने दिसतात. खोडव्यावर खोडवा घेतलेल्या त्या जमिनीला बेवड कधी मिळालाच नाही.

जमिनीची ही कथा सर्वांस थोडीफार ठाऊक असते. माणसाची कथा तितकी बोलली जात नाही. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून, तसेच पाथर्डी-जामखेडच्या बाजूने, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आमच्याकडे निघतात. कामाचे परिमाण ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. दोघांचे नाव एक, मजुरी एक, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हाती. पाचट व प्लॅस्टिकच्या कोपीत संसार मांडावयाचा, पहाटे कधी तीन-चार वाजता फडात उतरावयाचे, दहिवराने भिजलेला ऊस तोडून मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावर वाहून गाडी भरावयाची, आणि त्याच रात्री वाढे विकून मीठमिरचीची सोय पाहावयाची. हिवाळ्याची थंडी, जिच्यामुळे उसात साखर भरते, ती या माणसांना उघड्यावर भोगावी लागते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी केली. सुमारे ८२ हजार महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कारणे अनेक असतील. वैद्यकीय मंडळी त्यांचा विचार करतील. पण एक दिवस खाडा झाला तर मुकादम दंड लावतो आणि आजारपणाला सुट्टी नाही, या वस्तुस्थितीचा उल्लेख केल्यावाचून ती कारणमीमांसा पुरी होणार नाही.

आता एक तुलना करून पाहावी. साखर कारखान्यात हंगामी कामगार असतात. गळीत संपले की त्यांचे काम थांबते. परंतु पुढील हंगामात ते कुशल हात पुन्हा मिळावेत म्हणून बंद काळातही त्यांना वेतनाचा काही अंश देण्याची प्रथा वेतन मंडळांच्या काळापासून या उद्योगात रुजली. कामगार तिला नुसते ‘रिटेन्शन’ म्हणतात. कारखान्याच्या यंत्रांनाही बंद काळात दुरुस्ती मिळते; रोलर उतरविले जातात, झिजलेले दात बदलले जातात, रंग दिला जातो. त्याच बंद काळात ऊसतोड मजुराला काय मिळते? त्याला उचल मिळते. पावसाळ्याच्या तोंडाशी मुकादम गावात येतो, पुढील हंगामाच्या मजुरीपोटी रक्कम हातावर ठेवतो, आणि त्या रकमेवर घरची पेरणी, औषधपाणी, मुलीचे लग्न असे सर्व भागते. हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाला जोडली जाते. एकाच उद्योगातील दोन हंगामी श्रमिक. एकाची विश्रांती वेतनात धरलेली, दुसऱ्याची विश्रांती कर्जाऊ.

या संदर्भात आमच्याच तालुक्यातील सुप्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते काढून जाळली. त्यातून दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आला. त्या वेळी सावकाराच्या हाती शेतकऱ्याची जमीन गहाण होती. उचलीच्या व्यवहारात गहाण ठेवलेले असते ते नवराबायकोचे येणाऱ्या हिवाळ्यातील अंग. ज्या टापूने कर्जाच्या कागदाविरुद्ध देशाला जागे केले त्याच टापूत दुसऱ्या जिल्ह्यातून येणारा माणूस कागदही न पाहता कर्जात वावरतो, याची बोच आम्हां बागायतदारांच्या मुलुखाला असावयास हवी.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, हे काम नसते तर त्या दुष्काळी गावांत उपासमार झाली असती. हे खरे आहे, आणि म्हणूनच काम बंद करा असे कोणी म्हणत नाही. परंतु ‘नसण्यापेक्षा बरे’ हा मजुरीचा न्याय ठरला तर कोणत्याही मजुरीचे समर्थन होऊ शकेल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे व तो लहान ऊसउत्पादकाचा आहे. त्याचा ऊस वेळेवर तुटत नाही, तोडणीसाठी वर खुशाली द्यावी लागते, वाहनचालकाला वेगळे पैसे द्यावे लागतात. २०२१-२२ च्या हंगामात तर काही भागांत जूनपर्यंत ऊस फडात उभा राहिला. तो म्हणतो, आम्हालाच कोणी विश्रांती देत नाही, आम्ही दुसऱ्याला कोठून द्यावी? त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण तो ज्याच्यावर निघतो तो माणूस चुकीचा आहे. खुशाली मागणाऱ्याच्या पाठीमागे न फिटलेली उचल असते, हे शेतकऱ्याने आपल्या घरच्या कर्जावरून ओळखावे.

मजुरीत वाढ होत नाही असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती ऐन हंगामात, संपाच्या इशाऱ्यानंतर. मात्र दर वाढला तरी रचना बदलत नाही. उचल त्याच प्रमाणात वाढते. यंत्राने तोडणी हा दुसरा मार्ग सांगितला जातो व २०२३ पासून त्यासाठी अनुदानही जाहीर झाले. मोठ्या सरळ सऱ्यांच्या रानात यंत्र चालेल. आमच्याकडील अर्ध्या-पाऊण एकराच्या तुकड्यांत ते वळवावयाचे कसे, हे अनुदान देणाऱ्यांनी एकदा येथे येऊन पाहावे.

प्रस्तुत लेखकाला सुचते ते साधे आहे: कोयत्यालाही रिटेन्शन द्यावे. हिशेब मांडून पाहू. एक जोडी दिवसाला सुमारे दोन टन ऊस तोडते असे धरले आणि हंगाम सव्वाशे दिवसांचा मानला तर अडीचशे टन होतात. टनाला साधारण शंभर किलो साखर पडते. म्हणजे किलोमागे एक रुपया बाजूला काढला तर टनाला शंभर, आणि जोडीला पंचवीस हजार रुपये होतात. पाच महिन्यांच्या बंद काळात दरमहा पाच हजार. ही रक्कम उचल नव्हे. ती दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत, अर्धी नवऱ्याच्या व अर्धी बायकोच्या, हंगाम संपल्यावर महिन्याच्या महिन्याला जमा व्हावी, आणि मुकादमाचा तिच्याशी संबंध नसावा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे ठराविक आकारणी करण्याचे तत्त्व शासनाने मान्य केलेलेच आहे. ते पुढे न्यावयाचे आहे इतकेच. कारखाने म्हणतील, एवढी गुंजाईश नाही, कारण साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये ठरली व ऊसदर वाढत असताना पुढे कित्येक वर्षे ती तशीच राहिली. या म्हणण्यात तथ्य आहे. तेव्हा हा रुपया साखरेच्या किमतीत धरावा आणि खाणाऱ्यानेच तो द्यावा. शहरातील कुटुंबाला महिन्याच्या चार-पाच किलो साखरेवर चार-पाच रुपये जड जाऊ नयेत. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळांनी १९४८ साली गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या पाहणीत असे दाखविले होते की, पाटाचा लाभ केवळ पाणीपट्टीत मोजणे अपुरे आहे, त्याचे अप्रत्यक्ष परिणामही हिशेबात घ्यावयास हवेत. लाभाच्या बाजूला लावलेली ही कसोटी आपण खर्चाच्या बाजूला आजवर लावलेली नाही.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी कारखाने सभासदांच्या मालकीचे आहेत. त्यांच्या वार्षिक सभा बहुधा सप्टेंबरात होतात, आणि त्यांत ऊसदर, सवलतीची साखर व तोडणीचा क्रम यांवर मोठी खडाजंगी होते. पुढील हंगामाची उचल मात्र त्याआधीच, आषाढाच्या सुमारास वाटून झालेली असते. त्यामुळे रिटेन्शनचा विषय घ्यावयाचा असेल तर तो यंदाच्या सभेत घेऊन त्याची अंमलबजावणी पुढच्या वर्षीच्या उचलीपूर्वी सुरू करावी लागेल. पोटनियमांनुसार सभासदाला सभेपुढे ठराव मांडता येतो; त्यासाठी सूचना मुदतीपूर्वी कार्यालयात पोचवावी लागते.